सापडलं ते कुणाला सांगू?



या व्यासपीठावर गेले तीन दिवस पाणीप्रश्न, शेतीमालाचे भाव आणि न्यायालयांतला विलंब यांवर जाणकार मंडळी बोलून गेली. चौथं पुष्प माझं. विषय काय, तर मोबाइलवर सापडलेली गंमत आणि अडगळीतून वर आलेला एखादा शब्द दोस्तांना पाठवणं! कार्यवाहांना मी फोनवर विषय सांगितला तेव्हा पलीकडून काही वेळ आवाजच आला नाही. मग सावरून म्हणाले, "म्हणजे 'फॉरवर्डचे दुष्परिणाम' असं छापू का?" म्हटलं, अजिबात छापू नका. मला या सवयीची बाजू घ्यायची आहे. तिच्यातल्या खोटेपणाची नाही, आळसाची तर नाहीच. पण सवयीची, हो.

बघा ना, काही मजेदार सापडलं की ते एकट्याने पाहून आपलं समाधान होत नाही. शेजारच्याला कोपर मारून "अरे, हे बघ" म्हटल्याशिवाय चैन पडत नाही. यात वाईट काय आहे? माझं म्हणणं एवढंच, की पाठवायच्या गोष्टीला दोन पत्ते लागतात. ती आली कुठून, हा एक. ती निघाली कुणाकडे, हा दुसरा. पत्ते हरवले की गमतीचा कचरा होतो, आणि कधीकधी त्याहून भयंकर काहीतरी होतं. तेही सांगणार आहे. पण आधी जरा मागे जाऊ.

ही खोड आपल्याला इंटरनेटने लावलेली नाही. मुंबईचा निर्णयसागर छापखाना तुम्हाला माहीत आहे, जावजी दादाजींनी १८६९ साली काढलेला. काशिनाथ पांडुरंग परबांचं 'सुभाषितरत्नभांडागार' तिथून निघालं. एकदा उघडून बघा. देवांची स्तुती आहे, नीती आहे, ते ठीकच. पण पुढे कोडी आहेत, कूटश्लोक आहेत, कंजुषाची टिंगल आहे, भोंदू वैद्याची टर आहे, सरळ आणि उलट दोन्हीकडून वाचता येणारे श्लोक आहेत. हे कसं टिकलं असेल? एकाने दुसऱ्याला ऐकवलं, दुसऱ्याने वहीत उतरवलं, वही तिसऱ्या गावाला गेली. हे फॉरवर्ड नाहीत तर काय आहेत?

आणि यांचे कवी कोण? पुष्कळांचा पत्ताच नाही. मग लोक काय करायचे? श्लोक फक्कड असला की खुशाल कालिदासाच्या नावावर टाकायचे. बल्लाळाचा 'भोजप्रबंध' नावाचा ग्रंथ आहे. त्यात धारच्या भोजराजाच्या दरबारात कालिदास, बाण, भवभूती, माघ सगळे एकाच वेळी हजर! भोज अकराव्या शतकातला, कालिदास त्याच्या कित्येक शतकं आधीचा. पण गोष्ट रंगते ना? मग बसवा त्याला दरबारात. आज ही चाकरी आपण पु. लं.ना लावून दिली आहे. पु. ल. देशपांडे १२ जून २००० रोजी गेले. व्हॉट्सॲप निघालं २००९ मध्ये. तरी रोज सकाळी पु. लं.चा ताजा विनोद हजर. निधनानंतर इतकं विपुल लेखन केलेला दुसरा मराठी साहित्यिक नाही. वपु असतील खालोखाल.

शब्दांच्या कसरतींचंही तसंच. बारामतीच्या मोरोपंतांनी रामायण एकदा सांगून भागलं नाही म्हणून ते पुन्हा पुन्हा, नाना तऱ्हांनी रचलं. त्यातलं एक निरोष्ठ रामायण. म्हणजे प, फ, ब, भ, म ही ओठाला ओठ लावून म्हणायची अक्षरं त्यात वर्ज्य. आता गंमत बघा. 'म' वर्ज्य म्हटल्यावर 'राम' कसं म्हणणार? अख्खं रामायण सांगायचं आणि ज्याची कथा त्याचं नाव एकदाही घ्यायचं नाही! भक्ती तर होतीच पंतांची. पण ही नुसत्या भक्तीची कामं नव्हेत. ऐकणारा चकित होऊन दुसऱ्याला सांगायला धावेल, हे पंतांना पक्कं ठाऊक असणार.

पुढे मासिकं आली. माझं उमेदीतलं आयुष्य एका मासिकाच्या कचेरीत गेलं, खिळ्यांच्या छपाईच्या काळात. तिथे एक शब्द होता, पानपूरक. लेख संपायचा आणि पानाच्या तळाशी दोन बोटं जागा उरायची. पान लावणारा फोरमन शाईचे हात विजारीला पुसत दारात उभा राहायचा आणि ओरडायचा, "साहेब, सहा ओळी कमी पडतायत!" मग माझ्या टेबलाच्या खणात एक खाकी पाकीट असे, ते निघायचं. त्यात वाचकांनी पाठवलेल्या चिठ्ठ्या, रेल्वेच्या डब्यात वाचलेली सूचना, कुणाच्या लग्नपत्रिकेतली छपाईची चूक, एखादी म्हण. सहा ओळींची चिठ्ठी शोधायची आणि द्यायची खिळे जुळवायला. दहा पानांचा गंभीर लेख लिहिणाऱ्या विद्वानांना हे सांगू नये, पण वाचकांची पत्रं यायची ती या सहा ओळींबद्दल. नाशिकच्या 'अमृत'सारखं मासिक तर अशाच वेच्यांवर घरोघरी पोचलं. आणि 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकी आठवते? घरात अंक आला की पहिल्यांदा कोण उघडणार यावर भांडणं व्हायची आणि वडीलधारी मंडळी ती खिडकी कुणी बघत नाहीसं पाहून हळूच उघडायची. हसताय म्हणजे आठवतेय!

तर सवय जुनी आहे. बदललं काय? पाठवायला लागणारे कष्ट गेले. चिठ्ठी लिहायला, पोस्टात टाकायला, निदान जिन्यावरून खाली जाऊन शेजाऱ्याला गाठायला थोडा दम लागायचा. त्या दमात माणूस आपोआप विचार करायचा, की हे नक्की कुणाला आवडेल? आता अंगठा तेवढा हलवावा लागतो. विचार करायची ती फटच बुजली.

म्हणून आधी दुसरा पत्ता, कुणाकडे. ज्या ग्रंथपालांच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, त्यांची एक लकब इथल्या जुन्या सभासदांना आठवत असेल. पुस्तक देताना ते आत कागदाचा एक कपटा सरकवून द्यायचे. त्यावर पेन्सिलीने लिहिलेलं असे : "पान ८७, तळटीप बघा. हसाल." बस, एवढंच. वकिलांच्या पुस्तकातला कपटा वेगळा, शाळेतल्या बाईंचा वेगळा. तळटीप छापलेली सगळ्यांसाठीच होती. तो कपटा मात्र तुमचा होता. पुस्तक परत करायला गेलात की ते चष्म्यावरून बघायचे. हसलात का, हे त्यांना विचारावं लागत नसे.

मला वाटतं, सगळी मजा या नेमकेपणात आहे. समजा, मला एका उपाहारगृहाच्या पाटीचा फोटो मिळाला. वर ठळक अक्षरांत 'आमची कोठेही शाखा नाही' आणि खाली 'शाखा क्र. २'. खरी पाटी की कुणी घडवलेली, देव जाणे. हा फोटो मी कुणाला पाठवावा? दीडशे माणसांच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला तर पाणी कधी येणार आणि लिफ्ट का बंद, यांच्यामध्ये तो चेंगरून मरेल. पण माझा एक मित्र आहे, जन्मभर पाट्या रंगवण्याचं काम केलेला. त्याला पाठवला तर तो पाटीतल्या 'श'च्या गाठीपासून ब्रशच्या जाडीपर्यंत बोलेल. मग अशाच एका दुकानदाराने पैसे कसे बुडवले ते सांगेल. फोटो राहिला बाजूला, आमची तासभर गप्पांची सोय झाली. फोटोचं काम तेवढंच होतं.

जी. ए. कुलकर्णी आठवा. धारवाडला राहणारा, सभासमारंभ टाळणारा, माणसांपासून लांब राहतो अशी ख्याती असलेला लेखक. पण पत्रं किती लिहिली त्यांनी! निवडून काढली तरी त्यांचे खंड झाले. सुनीताबाई देशपांड्यांशी झालेल्या पत्रव्यवहारात पुस्तकं आहेत, माणसं आहेत, लहरी आहेत. ज्याला शंभर माणसांपुढे उभं राहायचं नाही, त्याला एका माणसाला सांगायला एवढं सापडतं. याचा आपण कधी नीट विचार केला आहे का?

पाठवणाऱ्यांची एवढी झडती घेतली, आता घेणाऱ्यांचीही घेऊ. कुणीतरी आपली आठवण काढून काहीतरी धाडतो आणि आपण काय उत्तर देतो? "हे जुनं आहे." किंवा त्याहून वाईट, "आधीच आलंय." अहो, लग्नात आलेल्या आहेराबद्दल आपण असं बोलतो का? चांदीची अत्तरदाणी देणाऱ्याला कुणी म्हणतं का, की अशा तीन आल्या? विनोद जुना असेलही. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'वर आज जी पोरं चित्रं बनवून पाठवतात ती तो पडद्यावर आला तेव्हा जन्मलीही नव्हती. त्यातल्या एका साडीचा रंग कोणता, हे या सभागृहात मला सांगावं लागणार नाही. ...ऐकलंत? मी काही बोललोच नाही आणि मागून उत्तर आलं. जुनं असण्यात ही मजा आहे.

दुसरं उत्तर म्हणजे ते पिवळं तोंड, हसून डोळ्यांत पाणी आलेलं. २०१५ साली ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी वर्षाचा शब्द म्हणून चक्क त्यालाच निवडलं होतं. माझी तक्रार नाही. बोटं दुखत असतील, बस चुकत असेल, तर पाठवा ते तोंड. पण दर वेळी तेच आलं की पाठवणाऱ्याला कळेनासं होतं, की समोरचा हसला की नुसतीच पोचपावती दिली.

आता पहिला पत्ता, आली कुठून. इथे जरा गंभीर होतो.

दिवाळीच्या रात्री अंतराळातून दिसणाऱ्या भारताचं चित्र तुमच्यापैकी प्रत्येकाने पाहिलं असेल. रंगीबेरंगी दिव्यांनी नुसता झगमगतोय देश, आणि खाली लिहिलेलं असतं की नासाने टिपलेलं छायाचित्र. दर वर्षी वसुबारसेच्या सुमाराला ते उगवतं. चित्र खोटं नाही, खालची ओळ खोटी आहे. अमेरिकी हवामान-उपग्रहांनी अनेक वर्षं टिपलेल्या रात्रीच्या उजेडाची ती एकत्र जुळवणी आहे. पांढरे दिवे १९९२ च्या आधीपासूनचे, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ मधले, लाल २००३ मधले. रंग कुणी आकाशकंदिलांनी दिलेले नाहीत, शास्त्रज्ञांनी वर्षं ओळखू यावीत म्हणून दिले आहेत. आता मला सांगा, जास्त नवलाची गोष्ट कोणती? एका रात्रीची रोषणाई, की दहा-बारा वर्षांत कुठल्या गावापर्यंत वीज गेली आणि कुठलं शहर कसं फुगलं, हे एका चित्रात दिसणं? आपण खरं नवल टाकून दिलं आणि हलकी थाप वाटत बसलो. बहुतेक थापांचं असंच असतं. मूळ शोधायला गेलात तर तिथे जास्त मजा असते.

पण थाप नेहमी दिवाळीच्या चित्राइतकी निरुपद्रवी नसते. १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षा मागून पोट भरणारी नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसं बाजाराच्या दिवशी तिथे आली होती. जमावाने त्यांना मारून टाकलं. ज्या अंगठ्याने कुणीतरी सकाळी विनोद पुढे ढकलला असेल, त्याच अंगठ्याने ती अफवाही ढकलली होती. विनोद ढकलताना "कुठून आलं" हे विचारायची सवय नव्हती, ती अफवा ढकलताना अचानक कुठून येणार?

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने ढकललेल्या मजकुरावर तशी खूण लावायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे एप्रिल २०२० मध्ये, खूप फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी, असं ठरवलं. चांगलं केलं. पण त्या खुणेचा अर्थ नीट बघा. हे माझं नाही, एवढंच ती सांगते. मग कुणाचं आहे, ते तिला सांगता येत नाही. ते आपल्यालाच लिहावं लागतं : अमुक ठिकाणी वाचलं, तमक्याने सांगितलं, किंवा कुठलं ते माहीत नाही, सांभाळून घे. एवढ्या चार शब्दांनी काय बिघडतं?

शब्दांच्या बाबतीत हे किती छान जमू शकतं याचा एक दाखला देतो. १९९४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला शिकणाऱ्या अनु गर्ग या भारतीय विद्यार्थ्याने ओळखीपाळखीच्या लोकांना रोज एक इंग्रजी शब्द पाठवायला सुरुवात केली. पुढे हे घेणारे लाखांवर गेले. रोज लाखो लोकांना एकच गोष्ट पाठवणं म्हणजे आमच्या सोसायटीच्या ग्रुपपेक्षा वाईट व्हायला हवं होतं. झालं नाही. का? एक तर दिवसाला शब्द एकच. आणि त्या शब्दासोबत तो कुठून आला आणि कुणी कुठल्या वाक्यात वापरला, हे असतं.

आपल्याकडे ही श्रीमंती कमी नाही. मोल्सवर्थसाहेब कंपनीच्या फौजेतले. त्यांच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, वाढवलेली दुसरी १८५७ ची. त्यांनी पोथीतले शब्द घेतले तसे बाजारातले घेतले, शिव्याही घेतल्या. मग दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आला, १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत. हे दोन्ही कोश आज शिकागो विद्यापीठाच्या कृपेने फोनवर उघडतात. पूर्वी कोश बघायला ग्रंथालयात जावं लागायचं आणि ग्रंथपाल सांगायचे, बाहेर नेता येणार नाही. आता बसमध्ये उभ्याउभ्या बघता येतो. मग बसमधलाच कुणीतरी एका शब्दाचा फोटो काढतो आणि धाडतो. धाडू दे!

फक्त एक होतं. शब्द सापडला की लोक तो मिरवतात. 'मराठीतले हरवत चाललेले पन्नास शब्द' अशी यादी येते. पन्नास शब्द एकदम कुणाच्या लक्षात राहतात? आपण हळहळतो, दोन हात जोडलेलं चित्र पाठवतो, झालं. पन्नासांतला एकही दुसऱ्या दिवशी कुणाच्या तोंडी येत नाही.

उलट गोष्ट सांगतो. माझी एक भाची न्यू जर्सीला असते. तिला मी एकदा 'गाभुळणे' हा एकच शब्द पाठवला. चिंच कच्चीही नाही आणि पुरती पिकलेलीही नाही, टरफल गरापासून सुटायला लागलंय, चाखली तर आंबट की गोड ते ठरत नाही. ती गाभुळलेली चिंच. तिने लहानपणी आजोळच्या परसात ती खाल्ली होती, शब्द विसरली होती. आठवड्याभराने तिचा निरोप : "मामा, ॲव्होकाडो आणलाय, पण अजून गाभुळला नाही. उद्या कापू." आमच्या एका भाषाप्रेमी मित्राला मी हे सांगितलं तर तो चिडलाच. म्हणाला, गाभुळते ती चिंच, ही काय थट्टा आहे? मी म्हणतो, असेल थट्टा. पण तिच्या स्वयंपाकघरात तिच्या अमेरिकेत वाढलेल्या मुलानेही तो शब्द ऐकला, आणि आता तोही ते फळ दाबून बघतो आणि विचारतो, गाभुळलं का? पन्नास शब्दांच्या यादीला हे साधलं आहे का?

आणि शब्द एकाकडून दुसऱ्याकडे गेला की कधीकधी भलतंच हाती लागतं. विटी-दांडू खेळलेले किती जण आहात इथे? बरेच आहात. मोजायचे कसे, आठवतं? वकट, लेंड, मूंड, नाल. आम्ही हे मंत्रासारखं म्हणायचो, अर्थ विचारायचं सुचलं नाही. हे चार शब्द मी सहज एका सोलापूरच्या मित्राला पाठवले. त्याचं घर विणकरांचं, घरात तेलुगू बोलतात. सोलापुरात अशी घरं पुष्कळ. त्याचा लगोलग फोन आला. हसतोय नुसता. म्हणाला, "अहो, हे आमचे आकडे आहेत! ओकटी, रेंडू, मूडू, नालुगू. एक, दोन, तीन, चार." म्हणजे पुण्या-नगरच्या पोरांनी पिढ्यानपिढ्या तेलुगूत मोजलं आणि कुणाला पत्ता नाही. जाणकारांना हे आधीपासून ठाऊक आहे, मी काही शोध लावलेला नाही. पण मला ते कळलं एका फोनवर, ज्याची ती भाषा त्याच्याच तोंडून.

आता अडचण पुढच्या आकड्यांची आहे. नालच्या पुढे गावागणिक फरक पडतो. तेलुगूत पाचाला ऐदू, सहाला आरू, साताला एडू. आमच्याकडे पोरं 'आर' म्हणायची हे पक्कं, पण ते पाचव्या जागी की सहाव्या, यावर माझं आणि माझ्या भावाचं अजून जमलेलं नाही. शेवटचा झकू की झंकू, त्यावरही नाही. या सभागृहात कोकणातले आहेत, खानदेशातले आहेत, दोन-तीन मंडळी बेळगावची दिसताहेत. अध्यक्षांचं भाषण व्हायचं आहे, त्यांची परवानगी मी चहाच्या वेळीच घेऊन ठेवली आहे. तुमच्या गावी नालनंतर काय म्हणायचे, ते सांगा. आणि गावाचं नाव आधी सांगा, म्हणजे मला तसं लिहून घेता येईल. माईक मागे न्या जरा. तिथे ते आजोबा कधीचे हात वर करून बसलेत.